भुरीनं अंडं खाल्लं नाही

आमच्या दगडपारात नांगराच्या फाळाला दगड लागला तर माणूस शिवी देत नाही, खाली वाकून बघतो. कारण तो दगड दगडच असेल असं नाही. कधी मांडीचं हाड निघतं, बैलाच्या जुवाएवढं लांब. कधी मणका निघतो, त्यावर बायका धुणं आपटतात. आणि सगळ्यांत जास्त काय निघत असेल तर शेण. सात कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांनी टाकलेलं, आता दगड झालेलं. वरोऱ्याच्या पुढं आमचा भाग तेवढ्याकरताच प्रसिद्ध आहे.

शहरातली माणसं ते गोळा करायला पहिल्यांदा आली, तेव्हा वाट मीच दाखवली होती. त्यातल्या एका पोरसवदा प्रोफेसराला मी सांगितलं, की माझ्या आजीनं यातली एक गोवरी समजून चुलीत घातली, तर ती तीन दिवस विझली नाही आणि भात तीन दिवस शिजत राहिला. सात कोटी वर्षं मुरलेली गोवरी, एका दुपारात कशी विझेल? त्यानं वहीत लिहून घेतलं. मग बाकीचे हसले, आणि त्यानं ती ओळ खोडली.

माझं सगळं आयुष्य अशा खोडलेल्या ओळींत गेलं. मी डोमाजी निकोडे, वय बहात्तर. गावात म्हणायची पद्धत आहे की डोमाजीनं सांगितलेल्यातलं निम्मं सोडावं आणि उरलेल्याला चारानं भागावं. मला याचं कधी वाईट वाटलं नाही. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही त्याच्या हातून फार मोठं पापही होत नाही, हा माझा हिशोब होता.

माझी बायको पार्बता. तिनंही माझ्या एका गोष्टीवर विश्वास ठेवला नाही, पण एकही गोष्ट अर्धी ऐकली नाही. मी जेवताना सुरू करायचो, आणि मी घास घ्यायला थांबलो की ती पोळी उलटता उलटता म्हणायची, “मंग?” चव्वेचाळीस वर्षं. ज्याला असं “मंग?” म्हणणारं माणूस मिळालं नाही त्यानं थापा मारण्याच्या भानगडीत पडू नये.

दोन वर्षं झाली, तिनं ते म्हणणं सोडलं. आणि आणखी एक. जेवताना घास गिळायच्या वेळी ती गळ्याला हात लावून बघते, काही आहे का नाही असं. दवाखान्यात दाखवलं, काही नाही म्हणाले. ते का, ते मला माहीत आहे. पण ते शेवटी.

*

हाडांच्या निमित्तानं आमच्या गावाबाहेर संशोधन केंद्र आलं. मी तिथं राखणदार झालो. केंद्राच्या मुख्य भुसारी मॅडम. हेमांगी भुसारी, पशुवैद्य, पस्तिशीच्या, पायात सदैव गमबूट. त्या मला काका म्हणायच्या आणि चहा घेताना मला विज्ञान शिकवायच्या. मी ते आल्यागेल्याला थोडं मीठमसाला लावून सांगायचो.

त्या म्हणाल्या, “काका, पक्षी डायनासोरांपासून आले हे अर्धंच खरं. पक्षी हेच डायनासोर. मोठमोठे होते ते मेले, हे उरले.”

म्हणजे आमच्या उकिरड्यावर पाय मारत होती ती त्यांची खानदानी वारस. मी त्या दिवशी घरी गेल्यावर कोंबड्यांना नमस्कार केला. पार्बता म्हणाली, “मंग आता उद्यापासून रस्सा कशाचा?”

मॅडमनी पुढं सांगितलं ते असं. कोंबडीच्या अंड्यात पिल्लू घडायला लागतं तेव्हा पहिले काही दिवस ते चाचपडत जुन्याच वाटेनं जातं. त्याच्या हाताला सुटी बोटं येतात. शेपटीला मणके येतात, चांगले लांबलचक. मग आतून हुकूम सुटतो: थांब. बोटं जोडून घे, पंख कर. शेपूट आवर. तोंडाची हाडं पुढं जुळव, चोच कर. दातांचा हुकूम तर अजून अंगात आहे, पण गाढ झोपलेला. मॅडमची माणसं अंड्याला सुईनं बारीक खिडकी करायची आणि आत औषधाचा कण ठेवायची. “आम्ही नवं काही घालत नाही,” त्या म्हणाल्या. “थांब म्हणणाऱ्याच्या तोंडावर फक्त हात ठेवतो.”

सात कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी यातून परत येत नाही, हे त्या बजावून सांगायच्या. तो गेला तो गेला. ही आपलीच कोंबडी, तिला आजोळची आठवण करून दिलेली.

तीनशे अंड्यांतून सात पिल्लं निघाली, तीन जगली. एक नर, दोन माद्या. नराला त्याच्या चालीवरून गावानं सरपंच नाव दिलं. खऱ्या सरपंचांनी तक्रार केली नाही, हा त्यांचा मोठेपणा. माद्यांपैकी पांढरी ती ढवळी आणि मातकट ती भुरी.

भुरी लांडोरीएवढी होती. मागं पिसांची लांब शेपटी, ती चालताना जमिनीला लागू द्यायची नाही. पिसांच्या खालून दोन हात, हाताला तीन तीन बोटं, बोटांना नख्या. चोचीच्या जागी आखूड तुंड, त्यात दात. दातांवर आपल्यासारखं चकचकीत कवच नव्हतं. ते कवच करायची विद्या पक्षी कायमची विसरले आहेत, मॅडम म्हणायच्या. त्यामुळं दात मळकट आणि कडेला खरबरीत, जुन्या करवतीसारखे. ती आरवायची नाही. तोंड मिटून छातीतून घुमायची, आपण पाठ टेकली असेल त्या भिंतीतून ते ऐकू यायचं.

तिला वाढवलं पार्बतानं. आमच्या पंचक्रोशीत कोणाला अंड्यांवर कोंबडी बसवायची असली तर पार्बताला बोलावतात. कोंबडी खुडूक होणार हे तिला दोन दिवस आधी चालीवरून कळतं. खुडूक म्हणजे काय हे शहरातल्यांना सांगावं लागतं: कोंबडीच्या डोक्यात अंडी उबवायचं भरतं. मग ती खायचं सोडते, उठत नाही, जवळ गेलं की फुगते, पोटाची पिसं झडतात आणि कातडी तापून येते. अंडी काढून घेतली तर दगडावर बसेल, पण बसेल. म्हणून मॅडमनी पार्बताला कामाला ठेवलं होतं. भुरी तिच्या मागं मागं फिरायची, आणि पार्बता खाली बसली की तिच्या लुगड्याच्या निरीवर मान टाकून पडायची.

आणि फाटकावर एक पाटी होती. येणाऱ्यांना ती मी मोठ्यानं वाचून दाखवायचो, आवाज खोल करून. “शिकारी वृत्ती आढळल्यास प्राणी तात्काळ नष्ट करण्यात येईल.” सिनेमे सगळ्यांनीच पाहिले होते. ही अट मान्य केल्याशिवाय केंद्राला परवानगीच मिळाली नव्हती.

*

दोन वर्षांमागच्या थंडीत ढवळी अंडी द्यायला लागली. लांबट अंडी, हिरवट झाक असलेली. ती उचलून उबवणीच्या मशीनमध्ये ठेवायची. मशीन उत्तम होतं, आणि त्यातलं प्रत्येक अंडं बाराव्या दिवशी मरायचं. ऊब बदलून पाहिली, ओल बदलून पाहिली. बारावा दिवस काही ओलांडेना. मॅडम वाळत चालल्या. पिल्लं झाली नाहीत तर केंद्र म्हणजे तीन विचित्र कोंबड्यांचं खुराडं, हे त्यांना परवानगी देणाऱ्या समितीनं लिहून कळवलं होतं.

मग अंडी नाहीशी व्हायला लागली. तीन आठवड्यांत अकरा.

कॅमेऱ्यात दिसलं की भुरी कुंपणावरून उडी मारून ढवळीच्या खोपीत जाते, अंडं तोंडात धरते आणि आपल्या खोपीत शिरते. आत कॅमेरा नव्हता. आत जाऊन पाहिलं तर घरटं म्हणून ठेवलेली पेटी रिकामी. जमिनीवर भुसा, आणि भुशात दोन अंड्यांची टरफलं. भुरी भुशाच्या मधोमध बसलेली, उठायला तयार नाही. सगळे म्हणाले, खाऊन सुस्तावली.

पार्बता मॅडमला म्हणाली, “ही खुडूक झाली आहे जी.”

मॅडम दमून हसल्या. त्यांनी समजावलं, की ज्या जातीच्या अंड्यांपासून भुरी झाली ती जात पोल्ट्रीची आहे. खुडूक झालेली कोंबडी अंडी द्यायची थांबते, म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी पिढ्यान्‌ पिढ्या निवडून निवडून तो स्वभावच काढून टाकला आहे. भुरीच्या रक्तात खुडूक होणं नाही, काकू. पार्बता गप्प बसली. शिकलेल्या माणसानं प्रेमानं समजावलं की आमच्याकडं गप्पच बसतात.

समिती आली. समितीचे ठोंबरे साहेब, जिल्ह्याहून. वर्षभरापूर्वी मी त्यांना गोवरीची गोष्ट सांगायला घेतली होती, तेव्हा चारचौघांत म्हणाले होते, “आजोबा, तुम्ही फाटक सांभाळा.” त्यांचं म्हणणं सरळ होतं. प्राणी अंडी खातो. दुसऱ्या प्राण्याची अंडी खाणं ही शिकार आहे का नाही?

मॅडम म्हणाल्या, खाल्लेलं कुणी पाहिलेलं नाही.

तेव्हा मी पुढं झालो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

आमच्याकडं कोंबडीला अंडी खायची चटक लागली तर एक उपाय करतात. माझी आई करायची. अंड्याला छिद्र पाडून आतलं ओतून टाकायचं, त्यात वाटलेली भिवापुरी मिरची भरायची, कणकेनं छिद्र बुजवायचं आणि ठेवून द्यायचं. खाणारी खाते, तोंड पोळतं, आणि जन्माची अद्दल घडते. निष्पाप असेल तर अंडं तसंच राहतं. मी म्हणालो, साहेब, तोंड लाल म्हणजे चोर, तोंड साफ म्हणजे साव. ठोंबरे साहेबांना ते फार आवडलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो.

*

सकाळचे दहा वाजले असतील. मिरचीचं अंडं ढवळीच्या खोपीत ठेवलं. भुरीच्या खोपीत नजर ठेवायला कुणीतरी हवं होतं. भुरी नव्या माणसाला बुजायची, पार्बता असली तर तिच्या अंगाशी यायची, म्हणून मी. खोपीच्या मागच्या बांबूच्या तट्ट्याला एक भोक होतं, त्याला डोळा लावून बसलो. मॅडम म्हणाल्या, “काका, जे दिसेल तेच सांगा. एवढं माझ्यासाठी करा.” बाहेर अंगणात समिती, केंद्राची माणसं, आणि निम्मं गाव.

आता मी जे पाहिलं ते लिहितो. याला कशानंही भागायचं नाही.

भुरी अंडं तोंडात घेऊन आली. दात न लागता, ओठ नसलेल्या तोंडानं जेवढं हळू धरता येईल तेवढं हळू. तिनं ते खाली ठेवलं आणि नख्यांनी भुसा बाजूला सारला. खाली एक अंडं दिसलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. तिसरं. सगळी अर्धी पुरलेली, गोल मांडलेली, आणि मध्ये तिच्या बसण्यापुरती जागा. ताटं मांडून पंगत वाट बघते आहे, तशी. अकरापैकी दोन फुटली होती, नऊ तिथं होती. त्या गोलात एका अंड्याची जागा तिनं रिकामी ठेवली होती, आणि हे नवं तिला तिथं बसवायचं होतं.

कोंबडी अंडं सरकवते ती चोचीच्या खालच्या अंगानं. भुरीला चोच कुठं होती? तिनं दातांनी धरून ओढलं. खरी अंडी तेवढं सोसत असणार. माझ्या अंड्याला मी छिद्र पाडलेलं होतं. ते फुटलं.

मिरची तिच्या तोंडावर गेली. तिनं मान झटकली, तुंड भुशात घासलं, डोळ्यांतून पाण्याची धार लागली. ती छातीतून घुमली, तट्टा माझ्या गालाला थरथरला. मी म्हटलं, आता पळेल.

पळाली नाही. परत त्या गोलाशी आली. फुटलेल्या टरफलाचे तुकडे एक एक करून बोटांनी उचलून तिनं लांब टाकले, मिरची दुसऱ्या अंड्यांना लागू नये म्हणून की काय, मला माहीत नाही. भुसा सारखा केला. मग मधल्या जागेत बसली, आणि दोन्ही हात पसरून सगळ्या अंड्यांवर पिसांचं पांघरूण घातलं. डोळे गळत होते. तशीच बसून राहिली.

अशी बसलेली कोंबडी मी चव्वेचाळीस वर्षं माझ्या घरात बघत आलो होतो. मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मी उठून बाहेर आलो. अंगणात सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. ठोंबरे साहेब म्हणाले, “काय पाहिलंत, आजोबा?”

मला काय झालं कळलं नाही, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होतो. ते खोटं आहे. मला चांगलं कळत होतं. ती खुडूक आहे म्हटलं तर ते पार्बताचंच म्हणणं, माझं काय? मिरचीचा उपाय फसला म्हटलं तर सगळे हसणार, आणि साहेब खांद्यावरचा हात काढून घेणार. आणि दोनशे डोळे होते. इतकी माणसं इतकी शांत माझ्यासमोर कधी उभी राहिली नव्हती. जिभेवर गोष्ट तयार होती.

“खाल्लं, साहेब,” मी म्हणालो. “टरफलासकट. मिरची लागली तर आणखी चेव आला. खाऊन झालं आणि तिनं माझ्याकडं बघून जीभ फिरवली. वाघिणीचे डोळे.”

कोणी हसलं नाही. सत्तर वर्षांत पहिल्यांदा कोणी हसलं नाही. एका बाईनं पदर तोंडाला लावला. मॅडमनी डोळे मिटून घेतले. पार्बतानं मला काहीतरी विचारलं, मी तिला उत्तर दिलं. मग साहेबांनी भुरीचं तोंड पाहून घ्यायला सांगितलं. तोंड लाल होतं.

दुपारी इंजेक्शन दिलं. भुरीला धरायला पार्बताशिवाय कुणी जाईना. तिनं भुशावरून तिला उचललं तेव्हा ती वेड्यासारखी झगडली, पार्बताचा हात ओरबाडून काढला. बाहेर आणून मांडीवर घेतल्यावर शांत झाली. पार्बताचा हात तिच्या पोटाखाली होता. तो तिनं तिथंच ठेवला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “हिचं पोट उघडं आहे. तापलं आहे.”

मॅडम औषध भरत होत्या, त्यांनी ऐकलं का नाही, ठाऊक नाही. साहेब सही करत होते. मी तेव्हाही बोलू शकत होतो. एक वाक्य पुरलं असतं. फाटकावरची पाटी मला पाठ होती, तात्काळ म्हणजे काय हे मला कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं.

मी चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकलो.

*

चौथ्या दिवशी खोप धुवायला काढली तेव्हा भुशाखाली ती नऊ अंडी निघाली. पार्बतानं एक उचलून उन्हाकडं धरलं, जसं ती नेहमी धरते. मग दुसरं. मग खाली ठेवून ती तिथंच बसली.

मॅडमनी प्रयोगशाळेत नेऊन उघडली. मशीनचा बारावा दिवस काही ओलांडत नव्हता. यातलं सगळ्यांत जुनं पिल्लू एकविसाव्या दिवसापर्यंत पोचलं होतं. शेपटी पूर्ण. बोटं सुटी. तुंडात कणीएवढे दात. मेलेलं होतं, गार पडून. मॅडम म्हणाल्या, चार दिवसांपूर्वीपर्यंत ही सगळी चांगली होती.

तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी गमबूट काढले, बाकावर बसल्या आणि त्यांच्या धंद्यातली एक जुनी हकिकत सांगितली.

शंभरेक वर्षांपूर्वी मंगोलियाच्या वाळवंटात शोध करणाऱ्यांना एका डायनासोराचा सांगाडा सापडला, अंड्यांच्या ढिगाशेजारी. त्यांनी ठरवलं, की अंडी दुसऱ्याची आणि हा ती चोरायला आला असताना मेला. त्याचं नावच त्यांनी अंडीचोर ठेवलं. सत्तर वर्षं सगळ्या जगानं त्याला चोर म्हटलं. मग तसल्याच एका अंड्यात पिल्लाची हाडं सापडली. ती त्याच्याच कुळाची निघाली. पुढं असे सांगाडे सापडले, की अंडी गोल मांडलेली, मधोमध तो प्राणी बसलेला, दोन्ही हात अंड्यांवर पसरलेले. वाळूचं वादळ अंगावर आलं तरी उठलेला नाही.

“म्हणजे पोल्ट्रीवाल्यांनी काढून टाकलं असं आम्ही समजत होतो, ते सात कोटी वर्षांहून जुनं होतं,” मॅडम म्हणाल्या. “निघालंच नव्हतं. आम्ही थांब म्हणणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि तिला दातांबरोबर हेही आठवलं. काकू सांगत होत्या. मी ऐकलं नाही.”

मी विचारलं, मग त्या अंडीचोराचं नाव बदललं का?

“नाही काका. शास्त्राचा नियम आहे. एकदा दिलेलं नाव चूक निघालं तरी बदलत नाही.”

भुरीचा सांगाडा आता केंद्राच्या दारात काचेत उभा आहे. खाली पाटी: स्वभाव शिकारी, अंडी खाताना प्रत्यक्ष पाहिली, साक्षीदार डोमाजी निकोडे. माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं ते तिथं.

मी पाटी बदलावी म्हणून अर्ज केला. मॅडमनीही लिहिलं. सुनावणी झाली. ठोंबरे साहेबांनी माझी दुसरी साक्ष शांतपणे ऐकून घेतली आणि हसले. “आजोबा, तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात. यातली थाप कुठली?” मागं गाव बसलं होतं. गाव म्हणालं, पहिली खरी. ही दुसरी डोमाजीची वाटते. कोंबडी डोळे पुसत अंड्यांवर बसली म्हणे. अंड्यांबद्दल साहेब म्हणाले, साठवून ठेवली असतील, खायला. पाटी राहिली.

ढवळी अजून अंडी देते. मशीन ती बाराव्या दिवशी मारतं. ढवळी कधी खुडूक झाली नाही.

*

आता मी दर रविवारी त्या काचेसमोर उभा राहतो आणि सहलीला आलेल्यांना खरी हकिकत सांगतो. लोकांना ती फार आवडते. एवढी माझी कुठलीच थाप चालली नव्हती. मिरचीच्या अंड्याला हसतात, सरपंचाला हसतात, शेवटी टाळ्या वाजवतात, आणि जाताना आपसांत म्हणतात, म्हातारा रंगवून सांगतो हं. मी शपथ घेऊन सांगत नाही. शपथ मी घेत नाही आता.

हकिकत मी एका ठिकाणी संपवतो. भुरी तोंड पोळलेलं असताना परत येऊन बसते, हात पसरते, तिथं. पुढचं रंगवून सांगत नाही. मी काय बोललो ते दोन वाक्यांत उरकतो आणि हात जोडतो.

पार्बता तिकडं कधी यायची नाही. तिनं काम सोडलं होतं. घरी मला वेळेवर जेवायला वाढते, औषधाची आठवण करते. मी काही सांगायला लागलो तर ऐकूही येत असेल. पण घास घ्यायला मी थांबलो की तिकडून काही येत नाही. नुसता तवा ऐकू येतो.

गेल्या रविवारी गर्दी होती. मी त्या जागी आलो. भुरी बसली, हात पसरले, डोळे गळताहेत. मी पुढची दोन वाक्यं उरकली आणि हात जोडले. लोक टाळ्या वाजवून वळायला लागले.

मागून आवाज आला. “मंग?”

माणसांच्या मागं दाराशी पार्बता उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी. बाजारातून आली होती. दोन वर्षांनी तो शब्द ऐकला आणि क्षणभर मला वाटलं, सुटलो. मग तिचं तोंड पाहिलं. तिला गोष्ट पुढं हवी होती. जी मी तिथं कधीच सांगत नाही ती. वर तुम्हालाही मी ती सांगितली नाही, पार्बतानं काहीतरी विचारलं आणि मी उत्तर दिलं, असं म्हणून पुढं गेलो.

वळलेली माणसं थांबली होती. मी जोडलेले हात सोडले.

“मग माझ्या बायकोनं मला विचारलं,” मी म्हणालो, “खरंच खाल्लं? तुम्ही डोळ्यांनी पाहिलं? सगळं गाव ऐकत होतं. ती माझ्यावर कधी विश्वास ठेवत नाही, आणि त्या दिवशी ती ठेवायला तयार होती. पण नुसतं हो म्हटलेलं तिला पुरलं नसतं. हे मला माहीत होतं. म्हणून मी तिच्या गळ्याला हात लावला आणि म्हणालो, तुझ्या गळ्याची आन.”

या वेळी कुणी हसलं नाही.

पार्बता दाराशीच उभी होती. तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि रिकामा हात गळ्याशी नेला, घास गिळताना नेते तसा. मी वाट बघत राहिलो. ती काचेपर्यंत आली, भुरीच्या पसरलेल्या हाताच्या हाडांकडं बघत राहिली, आणि पाटीवरच्या माझ्या नावावर आपला तळहात ठेवला. नाव झाकलं गेलं.

“चला,” ती मला म्हणाली. “राहिलेलं घरी सांगा.”